ताटाची डावी-उजवी बाजू

प्रस्तावना

आहाराचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘व्हेज की नॉनव्हेज?’ लग्नाच्या पंगतीपासून रेल्वेच्या जेवणापर्यंत सगळीकडे तो विचारला जातो, आणि उत्तर मिळाले की माणसाच्या खाण्याविषयी सगळे कळले असे आपण धरून चालतो. आरोग्याच्या दृष्टीने हा प्रश्न फार थोडे सांगतो. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि खारी, दुपारी डब्यात पोळी आणि बटाट्याची काचरी, संध्याकाळी वडापाव, रात्री पांढरा भात आणि पाण्यासारखे वरण. हा आहार शंभर टक्के शाकाहारी आहे. त्यात पालेभाजी नाही, उसळ नाही, फळ नाही, मूठभर शेंगदाणेही नाहीत. वनस्पतीजन्य आहाराचे जे फायदे जगभरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले, ते या आहाराचे नाहीत.

या पुस्तकाचे सांगणे थोडक्यात असे आहे: आरोग्य सुधारते ते मांस सोडल्याने नव्हे, तर वनस्पतींचे अखंड, कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न भरपूर आणि विविध प्रकारांनी खाल्ल्याने. कडधान्ये, डाळी, पालेभाज्या, फळभाज्या, फळे, सालासकटची धान्ये, तेलबिया आणि सुकामेवा यांनी ताटाचा मोठा भाग व्यापला पाहिजे. तसे करणारा माणूस कधीमधी मासे खात असला तरी त्याला लाभ होतो. तसे न करणारा पिढ्यानपिढ्यांचा शाकाहारी असला तरी त्याच्या वाट्याला तो लाभ येत नाही.

हा फरक किती मोठा आहे, हे हार्वर्ड विद्यापीठात अंबिका सतीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून स्पष्ट होते. अमेरिकेतील परिचारिका आणि इतर आरोग्य व्यावसायिक अशा दोन लाखांहून अधिक लोकांच्या आहाराच्या दोन दशकांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. वनस्पतीजन्य आहाराची त्यांनी दोन गटांत विभागणी केली. अखंड धान्ये, भाज्या, फळे, कडधान्ये, सुकामेवा यांवर ज्यांचा भर सर्वाधिक होता, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका असा भर सर्वांत कमी असलेल्यांच्या तुलनेत सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळला. मैदा, पांढरा भात, बटाटे, गोड पेये आणि मिठाई हेही सगळे वनस्पतींपासूनच येते. त्यांवर ज्यांचा आहार सर्वाधिक बेतलेला होता, त्यांच्यात मात्र धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त होता. अशा निरीक्षणात्मक अभ्यासांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण शरीरात काय घडते याचे ज्ञान आणि नियंत्रित प्रयोगांचे निकाल त्याच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा त्या निष्कर्षांना वजन येते.

शरीरात घडते ते पाहण्यासारखे आहे. वनस्पतींच्या अन्नातला तंतू आपल्याला पचत नाही, आणि त्याचे महत्त्व त्यातच आहे. वाल, मसूर, भेंडी, मेथीदाणे यांतला विरघळणारा तंतू आतड्यात बुळबुळीत, दाटसर होतो. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात एकदम न उसळता हळूहळू मिसळते. हाच तंतू पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतो, मग यकृताला नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते आणि रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल घटते. न विरघळणारा तंतू पोट साफ ठेवतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावरच पोसल्या जातात.

तंतूकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्यात डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाचा वाटा मोठा आहे. युगांडात जवळपास वीस वर्षे शस्त्रक्रिया करताना ब्रिटनमधल्या रुग्णालयांत रोज दिसणारे बद्धकोष्ठ, अपेंडिक्सचा दाह आणि मोठ्या आतड्याचे आजार तिथल्या ग्रामीण माणसांत फारच कमी असल्याचे त्यांना आढळले. तिथल्या लोकांच्या जेवणातील भरपूर तंतूशी त्यांनी याचा संबंध जोडला. त्यांचे सगळेच तर्क टिकले नाहीत, पण मूळ दिशा बरोबर निघाली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात १८५ दीर्घकालीन अभ्यास आणि ५८ प्रयोग एकत्र तपासले गेले. कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत भरपूर तंतू खाणाऱ्यांत अकाली मृत्यू, हृदयविकार, टाइप-२ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू हा लाभदायक पल्ला ठरला. अख्ख्या हरभऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम तंतू असतो आणि पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये तीन ग्रॅमहूनही कमी, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या जेवणात काय कमी पडते ते कळते.

तंतूखेरीज आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. भाज्या, फळे आणि कडधान्यांतले पोटॅशियम शरीरातले जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण उतरवते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ प्रयोगात भाज्या, फळे, अखंड धान्ये, सुकामेवा आणि कमी चरबीचे दूध यांवर बेतलेला आहार दिल्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा रक्तदाब आठ आठवड्यांत सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. हा आहार शाकाहारी नव्हता, त्यात मासे आणि कोंबडीही होती. दुसरी गोष्ट स्निग्ध पदार्थांची. शेंगदाणे, तीळ, करडई, जवस यांतली स्निग्धता बहुतांशी असंतृप्त असते. लोणी, वनस्पती तूप, पामतेल यांच्या जागी ती आली की एलडीएल घटते. खोबरेल आणि पामतेल झाडापासूनच मिळतात, पण त्यांत संतृप्त चरबी जास्त असते. उगम वनस्पतीचा असणे एवढे पुरेसे नसते, ते इथेही दिसते.

या सगळ्याची आज आपल्याला निकड का आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत देशातला ५६.४ टक्के रोगभार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचे म्हटले आहे. आयुर्विज्ञान परिषदेच्या त्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या २०२५ च्या शोधनिबंधाने आणखी मोलाची माहिती दिली. भारतीयांना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि त्यांत पांढरा भात, दळलेली धान्ये आणि साखर यांचा वाटा मोठा आहे. त्या कर्बोदकांचा थोडा भाग काढून डाळी-कडधान्यांतली किंवा दुधातली प्रथिने घेतली तर मधुमेहाचा धोका कमी दिसला. नुसते भाताऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने मात्र तसा फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष मराठी वाचकाने लक्षपूर्वक समजून घ्यावा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हापासून शहरी दुकानांत ज्वारीचे पोहे, नाचणीची बिस्किटे, बाजरीचे नूडल्स यांची रेलचेल आहे. ज्वारी-बाजरी-नाचणी गुणांची धान्ये आहेत यात शंका नाही. पॉलिशच्या तांदळाच्या कितीतरी पट तंतू त्यांत असतो, आणि नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. पण भाताचा डोंगर हटवून तिथे भाकरींची चळत रचली, आणि सोबत वाटीभर उसळ नसली, तर आहार फारसा बदलत नाही.

आपल्या ताटाच्या जुन्या मांडणीत याचे उत्तर आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात किंवा भाकरी-पोळी. गेल्या काही दशकांत मधला भाग वाढत गेला आणि दोन्ही बाजू आक्रसल्या. कोशिंबीर सणापुरती उरली, उसळीचा वार ठरला, चटणीची जागा सॉसने घेतली, आणि लोणचे-पापड तेवढे टिकले, म्हणजे मीठ टिकले. राष्ट्रीय पोषण संस्थेचे दोन हजार उष्मांकांचे ताट पाहिले तर दिवसाला धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, आणि तेलबिया-सुकामेवा ३५ ग्रॅम असा हिशेब येतो. धान्यांपेक्षा भाज्यांचे वजन जास्त. म्हणजे डावी-उजवी बाजू मिळून मध्यापेक्षा भारी. ही मांडणी आपल्याला नवी नाही, फक्त तिचे प्रमाण बिघडले आहे.

आणि आक्रसलेल्या या दोन बाजू भरून काढायला लागणारे ज्ञान महाराष्ट्र-गोव्याच्या स्वयंपाकघरांत ओसंडून वाहते आहे. खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी करतात. कोकणात कुळथाचे पिठले आणि वालाचे बिरडे आहे. गोव्यात आळसांद्यांचे तोणाक आणि नाना भाज्यांचे खतखते आहे. मराठवाड्यात अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या पडतात, विदर्भात जवसाची चटणी होते. अळूच्या फदफद्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे असतातच. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. थालीपिठाच्या भाजणीत हेच घडते, वरणभातात हेच घडते. मटकीला मोड आणल्यावर लोह आणि जस्त यांना अडकवून ठेवणारे फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. पोह्यांवर पिळलेले लिंबू लोहाचे शोषण सुधारते, आणि त्याच पोह्यांबरोबर घेतलेला चहा ते रोखतो. एवढे कळले तरी चहा तासाभराने प्यायचे ठरवता येते.

रानभाज्यांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, घोळ, चिवळ ही पावसाळ्यातली नावे आज शहरी मुलांना अनोळखी आहेत. ही भाजी कशी खुडायची, कोणती उकळून पाणी टाकायचे, शेवळात काकडे का घालायचे, हे आदिवासी आणि ग्रामीण बायकांना पक्के ठाऊक असते. काकडे घातले नाहीत तर शेवळे घशाला खाजतात, म्हणून ते घालणे ही चवीची हौस नसून सुरक्षिततेची रीत आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे आणि भाज्यांची गावठी बियाणी जपली, वाटली, आणि त्यांच्या या कामाचा पद्मश्रीने गौरव झाला. विविध खायचे असेल तर विविध पिकले पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या कामाने सगळ्यांपुढे आली. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळत गेला, शेतात ऊस-सोयाबीन वाढले, ज्वारीचा पेरा आटला, तेव्हा ताटाचाही आकार बदलला. आहार निव्वळ वैयक्तिक निवडीवर ठरत नाही, त्यामागे शेती आणि बाजारही असतात.

आता दुसरी बाजू तितक्याच ठामपणे मांडायला हवी, कारण ती टाळणारे आहारविषयक लिखाण लोकांचे नुकसान करते. या बाबतीत पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासाइतका जवळचा पुरावा दुसरा नाही. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास पिढीभर चालवला. त्यात आधी दिसले ते असे: गरोदर स्त्री एकूण किती उष्मांक किंवा प्रथिने घेते याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी संबंध आढळला नाही, पण हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा घेणाऱ्या स्त्रियांची बाळे अधिक भरलेली होती. पालेभाजीची ताकद याहून स्पष्ट कोण दाखवणार? आणि त्याच अभ्यासात पुढे असेही दिसले की या स्त्रियांपैकी बहुतेकींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वांत जास्त आढळला.

बी-१२ वनस्पतींच्या अन्नातून भरवशाने मिळत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मांस यांतून येते. आपल्याकडे दूध घेणाऱ्या शाकाहारी घरांतही ते पुष्कळदा कमी असते, कारण चहापुरते दूध म्हणजे दूध पिणे नव्हे. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा, रक्तक्षय ही त्याची लक्षणे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. दूधही सोडणाऱ्याने बी-१२ ची गोळी किंवा बी-१२ मिसळलेले अन्न घेतलेच पाहिजे. यात तडजोड नाही. ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासात शाकाहारी लोकांत हृदयविकार कमी, पण मेंदूतल्या रक्तस्रावाचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाणही जास्त होते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पुरेशी प्रथिने यांची योजना केल्याशिवाय दूध-मांस दोन्ही सोडू नये, हा त्याचा धडा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे भाज्या-फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी कमीजास्त न करता एका मापात ठेवावी. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात प्रयोग नकोत, नीट आखणी हवी.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. महाराष्ट्रात बहुसंख्य लोक मांस-मासे खातात. कोळीवाड्यातली सुकट, धनगराच्या घरचे मटण, आदिवासी पाड्यावरचे खेकडे यांत पोषण आहे आणि जगण्याची प्रतिष्ठाही आहे. आपल्या समाजात ‘शाकाहार’ हे अनेकदा सोवळ्याचे आणि जातीच्या वरचढपणाचे हत्यार झाले आहे. त्यापायी कुणाला भाड्याने घर नाकारले जाते, कुणाच्या डब्याला नाके मुरडली जातात. या पुस्तकाचा त्या वृत्तीशी काडीचाही संबंध नाही. प्रक्रिया केलेल्या मांसाला, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन यांना, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले, ते पुराव्यावरून. पापलेटाच्या कालवणाबद्दल तसे कुणी म्हटलेले नाही. मासे खाणाऱ्या घरालाही हे पुस्तक सांगते ते एवढेच, की कालवणाशेजारी सोलकढीबरोबर हिरवी भाजी आणि एखादी उसळ असू द्या.

भाजी आणि डाळ महाग आहेत, हेही नाकारता येणार नाही. म्हणून पुढच्या प्रकरणांत स्वस्त आणि हाताशी असलेल्या पदार्थांना आधी जागा दिली आहे: शेवग्याचा पाला, तांदुळजा, हुलगे, मटकी, चवळी, शेंगदाणे, पेरू, आवळा, चिंचेच्या मोसमातली चिंच. परदेशी बिया आणि महागड्या भुकट्या त्यांत नाहीत, कारण त्यांची गरज नाही. प्रत्येक प्रकरणात आधी पदार्थाचे पोषण, मग तो कोणाला मानवतो आणि कोणी जपून खावा, आणि शेवटी रोजच्या स्वयंपाकात तो कसा बसवायचा, असा क्रम आहे. हे पुस्तक औषधाची जागा घेत नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना आहार एकदम बदलला तर साखर किंवा रक्तदाब जास्त उतरू शकतो, म्हणून आपल्या डॉक्टरांना सांगूनच बदल करावा. तंतूही हळूहळू वाढवावा, सोबत पाणी वाढवावे, नाहीतर पोट फुगते आणि माणूस आठवड्यात कंटाळतो.

शेवटी, हे सगळे शिजवणार कोण आणि खाणार कोण हा प्रश्न उरतो. कडधान्य भिजवणे, मोड आणणे, भाजी निवडणे ही कामे आपल्याकडे एकट्या बाईच्या अंगावर पडतात. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणारी तीच असते. वनस्पतीजन्य आहाराचा फायदा घराला व्हायचा असेल तर पालेभाजी निवडायला घरातले पुरुष आणि मुले बसली पाहिजेत, आणि उसळीचे पहिले वाढप जिला सर्वांत गरज आहे तिला झाले पाहिजे. पुढची पाने वाचताना प्रत्येक सूचनेला हा निकष लावावा, आणि जी सूचना घरातल्या सगळ्यांपर्यंत पोचणार नाही ती पोचेल अशी आपल्या घरापुरती बदलून घ्यावी.